कॅथलिक विद्यापीठात बिशपचा शब्द कुठपर्यंत चालतो?

नाशिकमध्ये कॅथलिक विद्यापीठ नाही. मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि कॉलेज रोड-गंगापूर रोडवरची नावाजलेली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. तरी हा प्रश्न इथल्या घरांतही निघतो. कुणाची मुलगी बंगळुरूला ख्राइस्टमध्ये प्रवेश घेते, कुणाचा मुलगा मुंबईला झेवियर्सला जातो, कुणी पीएच.डी.साठी बेल्जियमला नाहीतर अमेरिकेला अर्ज करतं, कुणाला तिकडे शिकवायची नोकरी लागते. मग घरातलं कोणीतरी विचारतंच, "ते चर्चचं आहे ना? मग तिथे मोकळेपणाने बोलता-लिहिता येतं का?"

भौतिकशास्त्र, कॉमर्स, संगणक किंवा इंग्रजी शिकवणाऱ्याच्या वाटेला बिशप, म्हणजे त्या भागातल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख, सहसा जात नाहीत. ईश्वरशास्त्र, म्हणजे थिऑलॉजी, शिकवणाऱ्याच्या वाटेला जाऊ शकतात. त्यांनी कुठवर जायचं हे मात्र त्यांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. चर्चच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी असतात: संस्थेचं 'कॅथलिक' हे नाव, ईश्वरशास्त्राच्या प्राध्यापकाचं परवानगीपत्र, आणि संस्थेच्या घटनेत व मालमत्तेत चर्चला दिलेली जागा. वाद कुठलाही असो, आधी यातला कोणता कागद कुणाच्या हातात आहे ते पाहावं. 'चर्च विरुद्ध विज्ञान' ही चर्चा त्यानंतर, आणि बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही.

आधी बिशप आणि 'फादर लोक' वेगळे करा

धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असा त्याचा पसारा. हरेगावची मतमाउलीची यात्रा याच धर्मप्रांतातली. या भागातली धर्मग्रामं, तिथले धर्मगुरू आणि धर्मप्रांताच्या नावावर असलेल्या संस्था यांचे प्रमुख म्हणजे बिशप.

पण कॅथलिक शाळा-कॉलेजं बरीचशी बिशपांच्या नावावर नसतात. ती धर्मसंघांची, म्हणजे व्रत घेऊन एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंच्या संघटनांची असतात: जेझुइट, सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट), सेलेशियन, किंवा धर्मभगिनींचे वेगवेगळे संघ. मुंबईचं सेंट झेवियर्स (१८६९) जेझुइटांचं, बंगळुरूचं ख्राइस्ट सीएमआयचं. या संघांचे वरिष्ठ वेगळे, हिशेब वेगळे, आणि आपल्या राज्यात तरी त्यांच्या संस्था धर्मादाय आयुक्तांकडे स्वतंत्रपणे नोंदलेल्या. शिकवणीच्या शुद्धतेवर लक्ष ठेवायचा अधिकार बिशपांना संघाच्या कॉलेजातही आहे, पण प्राचार्य कोण, कँटीनचा ठेका कुणाला, वार्षिक संमेलनाचा पाहुणा कोण, हे ते ठरवत नाहीत. कॉलेजविषयीची तक्रार घेऊन लोक बिशप हाऊसला जातात आणि हात हलवत परततात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

नुसतं 'सेंट' लावल्याने शाळा कॅथलिक होत नाही, हेही जाताजाता सांगून टाकू. शहरातल्या कितीतरी 'सेंट' शाळा पूर्णपणे खाजगी आहेत.

नावावर दोघांचा पहारा

चर्चचा स्वतःचा कायदा आहे, कॅनन लॉ. त्याची सध्याची संहिता १९८३ची. तिच्या ८०७ ते ८१४ या कलमांत कॅथलिक विद्यापीठांचं प्रकरण आहे, आणि ८०८वं कलम म्हणतं की चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही विद्यापीठाने स्वतःला कॅथलिक म्हणवून घेऊ नये. मग ते प्रत्यक्षात कितीही कॅथलिक असो.

गंमत म्हणजे 'विद्यापीठ' या दुसऱ्या शब्दावर भारतात यूजीसीचा पहारा आहे. १९५६च्या यूजीसी कायद्याचं २३वं कलम कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला 'युनिव्हर्सिटी' हा शब्द वापरू देत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अभिमत संस्थांना नावं बदलावी लागली, म्हणून ख्राइस्टच्या पाटीवर आज 'डीम्ड टु बी युनिव्हर्सिटी' असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे 'कॅथलिक विद्यापीठ' या दोन शब्दांपैकी एक रोमच्या, म्हणजे पोप आणि व्हॅटिकनच्या ताब्यात, दुसरा दिल्लीच्या.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी एक नियमावली काढली. 'एक्स कॉर्दे एक्लेसिए' हे तिचं लॅटिन नाव. या विषयावरच्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजू हाच दस्तऐवज पुढे करतात, कारण त्यात दोघांनाही हवं ते सापडतं. विद्यापीठाला कारभाराची स्वायत्तता हवी, हे त्यात आहे. प्रत्येक विषयाच्या स्वतःच्या पद्धतीनुसार संशोधन-अध्यापनाचं स्वातंत्र्य मान्य आहे, हेही आहे. त्याला जोडूनच अट येते: व्यक्तीचे आणि समाजाचे हक्क जपून, सत्य आणि सर्वांचं हित यांच्या मर्यादेत. ही अट रबरासारखी ताणता येते. सत्य म्हणजे काय हे ठरवणार कोण, यावरच तर भांडण असतं.

बिशपांबद्दलचं त्यातलं वाक्य नीट वाचण्यासारखं आहे. बिशप रोजच्या कारभारात थेट शिरत नसले तरी त्यांना बाहेरचे समजू नये, ते विद्यापीठाच्या जीवनात सहभागी आहेत, असं ते म्हणतं. हा टोला कुणाला, हे कळायला १९६७ सालात जावं लागतं. त्या जुलैत अमेरिकेतल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने काही कॅथलिक शिक्षणतज्ज्ञ विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे जमले आणि त्यांनी जाहीर केलं की, विद्यापीठाबाहेरची सत्ता धर्मगुरूंची असो वा इतरांची, तिच्यापासून विद्यापीठाला खरी स्वायत्तता हवी. त्यांनी बिशपांना बाहेरच्या सत्तेत धरलं. तेवीस वर्षांनी रोमने उत्तर दिलं: बाहेरचे नव्हेत, घरचेच.

परवानगीपत्र: मँडेटम

कॅनन लॉचं ८१२वं कलम अगदी छोटं आहे. उच्च शिक्षणसंस्थांत ईश्वरशास्त्राचे विषय शिकवणाऱ्यांकडे चर्चच्या सक्षम अधिकाऱ्याचं मँडेटम असायला हवं, एवढंच ते सांगतं. रसायनशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला ते लागत नाही. कॅथलिक ईश्वरशास्त्र शिकवणाऱ्या कॅथलिक प्राध्यापकाला लागतं.

अमेरिकेत हा नियम लागू व्हायला दशक गेलं. बिशपांच्या परिषदेने नोव्हेंबर १९९९ मध्ये अंमलबजावणीचे नियम मंजूर केले, रोमने ते मे २००० मध्ये मान्य केले आणि ३ मे २००१ पासून ते लागू झाले. जून २००१ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यांच्यासोबत पत्राचा नमुनाही. त्या नमुन्यात प्राध्यापक दोन गोष्टी लिहून देतो. पहिली, मी अस्सल कॅथलिक शिकवण शिकवीन. दुसरी, चर्चच्या अधिकृत शिकवणीविरुद्ध जाणारं काहीही मी 'कॅथलिक शिकवण म्हणून' मांडणार नाही. सगळी मेख 'म्हणून' या शब्दात आहे. वर्गात मार्क्स शिकवा, ल्यूथर शिकवा, चर्चच्या एखाद्या भूमिकेवरचे सगळे आक्षेप फळ्यावर लिहा, मनाई नाही. फक्त हे आक्षेप म्हणजेच चर्चचं म्हणणं, असं सांगायचं नाही.

मँडेटम म्हणजे चर्चने केलेली नेमणूक नव्हे, प्राध्यापकाच्या मतांवर मारलेला शिक्का तर नव्हेच, हे त्या सूचना स्पष्ट सांगतात. प्राध्यापक स्वतःच्या नावाने शिकवतो, बिशपांच्या नावाने नाही. एकदा मिळालेलं पत्र दुसऱ्या धर्मप्रांतात नोकरी धरली तरी चालू राहतं. नाकारायचं किंवा काढून घ्यायचं असेल तर बिशपांनी कारणं लेखी द्यायची आणि प्राध्यापकाला उत्तर द्यायची संधी द्यायची.

यातली कच्ची बाजू वेगळीच आहे. अमेरिकी पद्धतीत मँडेटम ही प्राध्यापक आणि बिशप यांच्यातली गोष्ट मानली जाते, विद्यापीठाने यादी जाहीर करण्याची सक्ती नाही. त्यामुळे समोर शिकवणाऱ्याकडे ते आहे की नाही, हे विद्यार्थ्याला आणि फी भरणाऱ्या पालकाला कळायला मार्गच नाही. नियमाच्या बाजूने असलेल्यांना तो पोकळ वाटतो, विरोधातल्यांना टांगती तलवार वाटतो. आमच्या मते दोघांचंही म्हणणं खरं आहे.

पदवी रोमची असेल तर हिशेब बदलतो

कॅथलिक संस्थांमध्ये एक लहानसा वेगळा गट आहे: रोमच्या अधिकाराने पदवी देणाऱ्या संस्था आणि विद्याशाखा. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याचं ज्ञानदीप. या संस्थेची सुरुवात १८९३ साली श्रीलंकेत कँडीला झाली आणि १९५५ साली ती पुण्यात आली. देशभरातून धर्मगुरू व्हायला निघालेले तरुण आणि धर्मभगिनी इथे तत्त्वज्ञान, ईश्वरशास्त्र शिकतात.

इथली पदवी चर्चच्या अधिकाराने दिली जाते, म्हणून शिकवणाराही चर्चच्या नावाने शिकवतो. या संस्थांसाठी वेगळी नियमावली आहे: आधी १९७९ची, आता पोप फ्रान्सिस यांची 'वेरितातिस गाउदियुम', जी जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं मँडेटम इथे पुरत नाही. श्रद्धा आणि नीतीचे विषय शिकवणाऱ्याला चर्चची अधिकृत नेमणूक लागते, आणि कायम पदावर जाण्याआधी रोमचं 'निहिल ऑब्स्टाट' लागतं. फ्लॅट विकताना सोसायटीचा ना-हरकत दाखला लागतो, तसाच हा प्रकार: दाखला देणारा काही विकत नाही, पण दाखल्याशिवाय व्यवहारही होत नाही.

म्हणून 'कॅथलिक विद्यापीठांत स्वातंत्र्य किती' हा प्रश्न मोघम विचारला तर मोघमच उत्तर मिळतं. एकाच आवारात एका इमारतीत रोमची पदवी देणारी विद्याशाखा आणि शेजारच्या इमारतीत साधं इंजिनिअरिंग असू शकतं, आणि दोन्हीकडे नियम वेगळे.

चार्ल्स करन: एक प्रकरण जवळून

वॉशिंग्टनमधलं कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका (स्थापना १८८७) हे अमेरिकेच्या बिशपांनी काढलेलं आणि रोमच्या पदव्या देणाऱ्या विद्याशाखा असलेलं विद्यापीठ. नीतिशास्त्र शिकवणारे फादर चार्ल्स करन यांचा करार पुढे चालू न ठेवण्याचं विश्वस्तांनी १९६७ साली ठरवलं. विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी संप केला, विद्यापीठ ठप्प झालं, आणि काही दिवसांत विश्वस्तांनी निर्णय मागे घेतला. पुढच्याच वर्षी, जुलै १९६८ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमनाला विरोध करणारं पत्रक काढलं. त्याला जाहीर असहमती दाखवणाऱ्या ईश्वरशास्त्रज्ञांच्या निवेदनात करन पुढे होते, आणि सह्या करणाऱ्यांची संख्या सहाशेवर गेली.

रोमची चौकशी १९७९ साली सुरू झाली आणि १९८६ साली संपली. कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या कार्यालयाने कळवलं की करन कॅथलिक ईश्वरशास्त्र शिकवायला पात्र नाहीत. करन यांचा बचाव सुटसुटीत होता: ज्या शिकवणीला चर्चने स्वतःच 'अचूक', म्हणजे कधी चुकूच न शकणारी, म्हटलेलं नाही, फक्त तिच्याशीच मी असहमत आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण चर्चमध्ये शिकवणीच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वर श्रद्धेची मूळ तत्त्वं, ती नाकारली तर माणूस चर्चबाहेर. मग चर्चने कायमची म्हणून ठरवून टाकलेली शिकवण. तिसऱ्या पायरीवर अधिकृत पण 'अंतिम' न ठरवलेली शिकवण, जिच्यासमोर, कॅनन लॉच्या ७५२व्या कलमानुसार, बुद्धीने आणि मनाने नमतं घ्यायचं. २४ मे १९९० रोजी ईश्वरशास्त्रज्ञांसाठी रोमने काढलेल्या सूचनेत या तिसऱ्या पायरीबद्दल भेद केला आहे. अभ्यास करताना एखादी गोष्ट पटत नसेल, तर अडचण वरिष्ठांकडे मांडा, सहकाऱ्यांशी चर्चा करा. पण वर्तमानपत्रांतून, मोहीम उघडून जाहीर विरोध करू नका. करन नेमके या रेषेवर उभे होते, आणि त्यांच्या मते ती रेष चुकीच्या जागी आखली होती.

खटला झाला. करन यांच्याकडे कायम नेमणूक होती, अमेरिकी भाषेत टेन्युअर. फेब्रुवारी १९८९ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. करन यांची मतं बरोबर की चूक, यात न्यायाधीश शिरलेच नाहीत. त्यांनी करार पाहिला. रोमशी असलेलं या विद्यापीठाचं नातं करन यांना नोकरी धरतानाच माहीत होतं, आणि शैक्षणिक स्वातंत्र्य व रोमनिष्ठा समोरासमोर आल्या तर आपण रोमच्या बाजूने जाणार नाही, असं वचन विद्यापीठाने त्यांना कुठेही दिलेलं नव्हतं. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेने १९९० साली विद्यापीठाचा निषेध नोंदवला. करन पुढे डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात गेले, आणि ईश्वरशास्त्रच शिकवत राहिले.

याच्या शेजारी जर्मनीचं प्रकरण ठेवलं तर कागदाचा फरक डोळ्यांत भरतो. ट्यूबिंगन विद्यापीठातले ईश्वरशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांची चर्चची परवानगी डिसेंबर १९७९ मध्ये रोमने काढून घेतली. पण ट्यूबिंगन सरकारी विद्यापीठ. क्युंग यांना कॅथलिक विद्याशाखा सोडावी लागली, नोकरी नाही. त्यांची संस्था विद्याशाखेबाहेर काढली गेली आणि ते १९९६ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच प्राध्यापक राहिले. रोमची नाराजी तीच, पण पगार कोण देतो यावरून परिणाम वेगळा.

रोमची चौकशी चालते कशी

पुस्तकाची तक्रार रोमला गेली की काय होतं, याचे लेखी नियम १९९७ साली नव्याने आले. आधी कार्यालयात छाननी. मग तज्ज्ञांकडून अभ्यास. त्या टप्प्यावर लेखकाची बाजू, त्याच्या लिखाणातलं चांगलं काय, हे मांडायला एक माणूस नेमला जातो, पण त्याला कार्यालयच नेमतं, लेखक नाही. आक्षेप ठरले की त्यांची यादी लेखकाच्या वरिष्ठांमार्फत लेखकाकडे जाते. लेखक सल्लागार घेऊ शकतो आणि लेखी उत्तराला तीन महिने मिळतात. प्रत्यक्ष भेटही होऊ शकते. आरोप मांडणारं, तपासणारं आणि निकाल देणारं कार्यालय एकच, हा यावरचा सगळ्यात जुना आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे.

भारताशी जवळचा संबंध असलेली दोन प्रकरणं आहेत. लोणावळ्याच्या साधना संस्थेमुळे महाराष्ट्रात ओळखले जाणारे जेझुइट फादर अँथनी डिमेलो १९८७ साली वारले, आणि त्यांच्या लिखाणाविषयी इशारा देणारी रोमची सूचना निघाली ती जून १९९८ मध्ये. उत्तर द्यायला लेखकच नव्हता. दुसरे बेल्जियमचे जेझुइट फादर जॅक दुपुई. आयुष्यातली छत्तीस वर्षं त्यांनी भारतात काढली, कुर्सियाँग आणि दिल्लीत शिकवलं, मग रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात गेले. इतर धर्मांना देवाच्या योजनेत स्थान काय, हा त्यांचा विषय. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या सूचनेत त्यांना शिक्षा नव्हती. पुस्तकात काही मुद्दे संदिग्ध आहेत, वाचकाचा गैरसमज होऊ शकतो, एवढंच म्हटलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत ती सूचना छापायची, हे त्यांनी मान्य केलं. नोकरीला धक्का न लावताही चौकशीची वर्षं माणसाला किती खातात, याची नोंद मात्र कुठल्याच नियमावलीत होत नाही.

मालमत्ता: पेरूचा धडा

लिमामधल्या पेरूच्या पाँटिफिकल (म्हणजे पोपच्या मान्यतेच्या) कॅथलिक विद्यापीठाचा वाद वरकरणी तत्त्वाचा, आत जमिनीचा होता. १९४४ साली वारलेल्या होसे दे ला रिवा-अग्वेरो यांनी विद्यापीठाला मोठी मालमत्ता दिली होती, आणि तिच्या व्यवस्थापनात लिमाच्या आर्चबिशपांचा प्रतिनिधी किती काळ आणि कशासाठी, यावर भांडण होतं. विद्यापीठाने आपली घटना १९९०च्या नियमावलीप्रमाणे बदलावी, असा रोमचा आग्रह. विद्यापीठ बधलं नाही. जुलै २०१२ मध्ये व्हॅटिकनने 'पाँटिफिकल' आणि 'कॅथलिक' हे दोन्ही शब्द वापरायची मनाई केली.

काय झालं? वर्ग चालू राहिले, पदव्या मिळत राहिल्या, पाटीवरचं नावही तसंच राहिलं, कारण देशाच्या कायद्यात ते नाव नोंदलेलं होतं. २०१६ साली समझोता झाला आणि नावाचा हक्क परत मिळाला. ८०८व्या कलमाची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका प्रकरणात दिसतात.

दबाव नेहमी वरूनच येतो असं नाही

मिलवॉकीच्या मार्क्वेट या जेझुइट विद्यापीठाने राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅकअ‍ॅडम्स यांना निलंबित केलं. कारण: समलिंगी विवाहाविरुद्धचं मत वर्गात मांडू न देणाऱ्या एका शिक्षिकेवर त्यांनी नाव घेऊन जाहीर टीका केली होती. म्हणजे चर्चच्या भूमिकेच्या बाजूने बोलणारा माणूस कॅथलिक विद्यापीठातच अडचणीत आला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांना न्याय दिला, तो करारातल्या शैक्षणिक स्वातंत्र्याच्या कलमावरून. करन ज्या कागदामुळे हरले, तसल्याच कागदाने मॅकअ‍ॅडम्स जिंकले.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस बेल्जियमच्या लूव्हाँ कॅथलिक विद्यापीठात गेले, तेव्हा स्त्रियांच्या भूमिकेविषयी ते जे बोलले त्यावर विद्यापीठाने त्याच दिवशी जाहीर पत्रक काढून नापसंती कळवली. पाहुणे पोप, यजमान कॅथलिक विद्यापीठ. कुणाची नोकरी गेली नाही.

भारतात काय

आपल्याकडच्या बहुतेक कॅथलिक कॉलेजांत पदवी राज्याच्या विद्यापीठाची असते आणि अभ्यासक्रमही तिथलाच. झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे, तरी पदवी मुंबई विद्यापीठाचीच. ईश्वरशास्त्राचा विभाग नसतो, त्यामुळे मँडेटमचा प्रश्नच येत नाही. इथे चर्चचा अधिकार येतो तो राज्यघटनेच्या कलम ३० मधून: अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क.

या हक्काची रुंदी न्यायालयांनी निकालांतून मोजली आहे. चालवायचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे, हे केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणापासून (१९५८) ठरलेलं आहे. शिक्षणाचा दर्जा हा व्यवस्थापनाचा भाग नाही, तो विद्यापीठाने आणि सरकारने पाहायचा, हे १९७०च्या मदर प्रोव्हिन्शियल खटल्यात आलं. प्राचार्य निवडायचा हक्क अनुदानित अल्पसंख्याक कॉलेजालाही आहे, हे २००६च्या मलंकरा कॉलेजच्या निकालात. आणि अकरा न्यायाधीशांच्या टी. एम. ए. पै निकालाने (२००२) सांगितलं की व्यवस्थापन शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, पण चौकशीनंतरच, आणि दाद मागायला जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या न्यायाधीशाचं न्यायाधिकरण हवं.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं कलम २८(३). सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही. विद्यार्थ्याची संमती लागते, तो अज्ञान असेल तर पालकांची. कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, आणि बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षण असे दोन वर्ग अनेक ठिकाणी एकाच तासाला असतात, ते यामुळे.

वैद्यकीय शिक्षणात मात्र जरा सावध राहावं. बंगळुरूचं सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज बिशपांच्या परिषदेच्या संस्थेचं. कॅथलिक रुग्णालयांत गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया चर्चच्या नीतिनियमांमुळे होत नाहीत. पुस्तकातला अभ्यासक्रम पूर्ण होतो, परीक्षाही होते, पण ही कामं हाताने शिकायची तर ती दुसऱ्या रुग्णालयात. स्त्रीरोगशास्त्रात पीजी करायचं असेल तर प्रवेशाआधी हे विचारून घ्यावं.

नेमणूकपत्र हातात आल्यावर

परदेशी कॅथलिक विद्यापीठात शिकवायला किंवा संशोधनाला जाणाऱ्याने सहीआधी पाहायच्या गोष्टी तशा थोड्याच आहेत. विभाग कोणता, आणि पदवी रोमच्या अधिकाराने की देशाच्या? कुलपती कोण, आणि घटनेत त्यांना नेमणूक रोखायचा अधिकार आहे का? प्राध्यापकांच्या नियमपुस्तिकेत शैक्षणिक स्वातंत्र्याचं कलम आहे का, आणि चर्चच्या शिकवणीशी ते भिडलं तर काय होईल, हे लिहिलंय का? अमेरिकी प्राध्यापक संघटनेचं १९४०चं निवेदन धर्मसंस्थांच्या कॉलेजांकडून नेमकं हेच मागतं: धार्मिक हेतूने स्वातंत्र्यावर मर्यादा घालायची असेल तर ती नेमणुकीच्या वेळीच लेखी सांगा. 'संस्थेच्या ध्येयधोरणाशी सुसंगत वर्तन' असं मोघम वाक्य दिसलं तर त्याचा अर्थ ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी 'अहो, काळजी करू नका' याला न्यायालयात किंमत नाही. खाजगी आयुष्याविषयी, म्हणजे घटस्फोट, पुनर्विवाह, जोडीदार याविषयी काही अट आहे का, तेही पाहा. कॅनन लॉचं ८१०वं कलम शिक्षकाच्या शुद्ध शिकवणीबरोबर त्याचं सचोटीचं जगणंही मोजतं, आणि प्रत्यक्षात नोकऱ्या जातात त्यात हे दुसरं कारणही असतं.

मँडेटम किंवा तत्सम परवानगी नाकारली गेलीच, तर चर्चच्या कायद्यात अपिलाची वाट आहे, पण तिला मुदत कडक आहे. आदेश लेखी मागायचा. तो कळल्यापासून दहा दिवसांच्या आत आधी त्याच बिशपांकडे तो रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज करायचा (कलम १७३४). ही पायरी गाळून थेट रोमला लिहिलं तर अर्ज सहसा तिथेच अडतो. बिशपांना उत्तराला तीस दिवस असतात. उत्तर प्रतिकूल आलं, किंवा आलंच नाही, तर पुढच्या पंधरा दिवसांत वरच्या अधिकाऱ्यांकडे दाद (कलम १७३७). बिशपांच्या वरचा अधिकारी म्हणजे रोमचं संबंधित कार्यालय. अर्ज बिशपांमार्फत पाठवला तरी चालतो, आणि त्यांना तो पुढे धाडावाच लागतो. हे दिवस 'उपयुक्त' धरतात, म्हणजे आदेशच माहीत नव्हता किंवा हालचाल करणं शक्य नव्हतं तो काळ मोजत नाहीत. पण तसं होतं हे सिद्ध करायचं काम अर्जदाराचं, म्हणून आदेशाची पोच तारखेनिशी घेऊन ठेवावी.